खनिजाचे कूळ आणि खरेदीदाराचे कर्तव्य

आपल्या ताटातील नागलीची भाकर कोठून आली, असे गलोंड्यातील कोणाही मुलास विचारले, तर तो नेमके उत्तर देईल. शेत कोणत्या उतारावरचे, लावणीस कोण कोण आले होते, पावसाने कोणत्या आठवड्यात दगा दिला, हे सारे तो सांगेल. पण ती नागली ज्या विळ्याने कापली, त्या विळ्याचे लोखंड कोठून आले, असा दुसरा प्रश्न केला, तर उत्तर एका शब्दात संपते : दुकानातून. दुकानदार व्यापाऱ्याचे नाव सांगतो, व्यापारी कारखान्याचे. आणि कारखान्याच्या पलीकडे काय आहे, हे सांगणारा मनुष्य बहुधा भेटत नाही. धान्याचे कूळ आपण जाणतो, धातूचे जाणत नाही. ह्या अज्ञानाची किंमत कोठेतरी कोणीतरी मोजीत असतो. ती कोण मोजतो, आणि हे अज्ञान दूर करण्यासाठी जगात कोणते प्रयत्न चालले आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

धातूची वाट

खाणीतून निघालेला दगड म्हणजे धातू नव्हे. लोखंडाचेच पाहा. गोमंतकात सापडणारे लोहखनिज मुख्यत्वे हेमॅटाइट जातीचे आहे. हेमॅटाइट म्हणजे लोह व प्राणवायू यांचे संयुग. त्याच्या १६० भारांत ११२ भार लोह असते, म्हणजे शंभरात सत्तर. परंतु हे झाले शुद्ध हेमॅटाइटचे. प्रत्यक्ष खाणीतील दगडात वाळू, माती व इतर द्रव्ये मिसळलेली असतात. त्यामुळे लोहाचे प्रमाण कमी भरते. हा दगड फोडावा, चाळावा, धुवावा. ट्रकने, बार्जने, आगगाडीने वा जहाजाने भट्टीपर्यंत न्यावा. भट्टीत कोकच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून टाकावा. मग पोलाद, मग सळई वा पत्रा, आणि शेवटी विळा. ह्या वाटेवर माल अनेकदा हात बदलतो. मालाच्या ह्या हस्तांतराच्या ओळीलाच पुरवठा-साखळी असे म्हणतात.

तांब्याची वाट आपल्या अधिक परिचयाची असावयास हवी. कारण सिल्वासा परिसरात तांबे शुद्ध करण्याचे आणि त्याच्या सळ्या ओढण्याचे काम होते. अशुद्ध तांब्याच्या जाड लाद्या आम्लमिश्रित द्रावणात टांगून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला, की दुसऱ्या टोकाशी जवळजवळ निर्भेळ तांबे जमते. त्याच तांब्याच्या पुढे तारा होतात व घराघरांत वीज पोहोचते. पण मूळ दगड कोठला? मध्य प्रदेशात मलंजखंड, राजस्थानात खेत्री व झारखंडात सिंगभूम येथे तांब्याच्या खाणी आहेत. परंतु देशाची गरज त्यांनी भागत नाही. चिली, पेरू, इंडोनेशिया यांसारख्या दूरच्या देशांतूनही तांब्याचे खनिज भारतात येत आले आहे. म्हणजे आपल्या ओसरीवरील दिव्याच्या तारेचे कूळ अँडीज पर्वतातही निघू शकेल!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिठाच्या गिरणीत धान्य पडेपर्यंत कोणती नागली कोणाची, हे सांगता येते. एकदा दळून झाले आणि चार घरांचे पीठ एकत्र झाले, की मग ते वेगळे करणे कोणालाही शक्य नाही. धातूचेही तसेच आहे. भट्टीत वितळेपर्यंत खनिजाला गाव असते. वितळल्यावर ते उरत नाही. म्हणून खनिजाची चौकशी करावयाची, तर ती भट्टीच्या अलीकडे करावी लागते. पुढे ज्या नियमांची माहिती आम्ही देणार आहोत, त्यांचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

गोमंतकाचा धडा

आमची मातृभाषा कोंकणी. त्यामुळे गोमंतकाची हकीकत आम्हांस जवळची आहे. पण ती तुम्हांसही परकी नाही. दादरा व नगर हवेली १९५४ साली आणि गोवा १९६१ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्यापूर्वी हे दोन्ही मुलूख एकाच राजवटीखाली होते. ह्या राजवटीने १९०६ साली खाणींसंबंधी एक कायदा केला. त्यानुसार गोमंतकातील डोंगर खाजगी व्यक्तींना जवळजवळ कायमच्या सवलतीने देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादाचे कारखाने नव्याने उभारावयाचे होते. त्यांना खनिज हवे होते, आणि गोमंतकातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत ते विपुल होते. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यापर्यंत, तेथून मांडवी व झुवारी नद्यांतून बार्जने मुरगाव बंदरापर्यंत, आणि मुरगावहून जहाजाने परदेशी, अशी ही वाट ठरून गेली. गोवा मुक्त झाल्यावरही ह्या सवलती चालू राहिल्या. १९८७ साली संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या व त्यांचे मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर केले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये बांधकामांचा व कारखान्यांचा महापूर लोटला. पूर्वी हलके म्हणून टाकून दिलेले खनिजही आता विकले जाऊ लागले. २०१०-११ साली गोमंतकातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरांचे हे राज्य! एक टन खनिज मिळविण्यासाठी तेथे सुमारे अडीच ते तीन टन माती व दगड उपसावे लागतात. हा उपसा खाणीशेजारी रचून ठेवतात. त्याचे कृत्रिम डोंगर होतात. आपल्या मुलखाप्रमाणे तेथेही पाऊस मुसळधार. पावसाळा आला, की ह्या डोंगरांवरून लाल गाळ ओढ्यांत, शेतांत व नद्यांत उतरतो. शिवाय खाण खोल गेली, की जमिनीखालील पाण्याच्या पातळीच्याही खाली जाते; मग खाणीतले पाणी रात्रंदिवस उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी तळाला जाते. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगाव येथील ग्रामस्थांना विहिरी व शेते यांसाठी न्यायालयात दाद मागावी लागली.

पुढे जे घडले, ते क्रमाने सांगतो. केंद्र सरकारने २०१० साली न्यायमूर्ती एम. बी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाचा गोमंतकासंबंधीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेपुढे आला. पट्ट्याच्या सीमेबाहेर खोदकाम, आवश्यक परवानग्यांचा अभाव, अशा अनेक गोष्टी त्यात नोंदलेल्या होत्या. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५,००० कोटी रुपयांची हानी झाली, असा आयोगाचा अंदाज होता. तीनच दिवसांनी राज्य सरकारने खाणी थांबविल्या, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनाई केली. २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की ह्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. त्यानंतरचे खोदकाम कायद्याला धरून नव्हते. वर्षाला दोन कोटी टनांपेक्षा अधिक खनिज काढू नये, अशी तात्पुरती मर्यादाही न्यायालयाने घातली. दोन कोटी टन खनिज म्हणजे पाच ते सहा कोटी टन उपसा, हे विद्यार्थ्यांनी स्वतः गुणाकार करून पाहावे. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे जे नूतनीकरण केले, तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द ठरले व मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. पुढे २०२२ साली लिलावाने पट्टे देण्याची पद्धत तेथे सुरू झाली.

खरेदीदाराने काय विचारले?

ह्या हकीकतीत खाणमालक दिसतो, सरकार दिसते, न्यायालय दिसते. खरेदीदार मात्र कोठेच दिसत नाही. तो समुद्रापलीकडे होता. त्याने पैसे चोख दिले आणि माल घेतला. लोहखनिजाच्या सौद्यात शंभरात लोह किती, ओलावा किती, सिलिका व फॉस्फरस किती, हे प्रयोगशाळेत तपासून घेतात. अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तरी भाव बदलतो. जो खरेदीदार दगडातील फॉस्फरस इतक्या बारकाईने मोजू शकतो, त्याला त्या दगडाचा पट्टा चालू आहे की संपला आहे, हे विचारणे अशक्य होते काय? शेतात गाळ गेला काय, विहीर आटली काय, हे विचारणे तरी अशक्य होते काय? ते अशक्य नव्हते; ते त्याच्या कामाचे मानले जात नव्हते, एवढेच.

'आम्ही केवळ विकत घेतले' हे उत्तर पूर्वी पुरेसे समजले जाई. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणारा कायद्याने दोषी ठरतो, हे आपण सर्व जाणतो. पण ज्याला जाणून घेणे शक्य होते आणि ज्याने जाणून घेतले नाही, त्याचे काय? खनिजांच्या व्यवहारात गेल्या पंचवीस वर्षांत जगाने ह्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलले आहे.

जगाने केलेले नियम

आरंभ हिऱ्यांपासून झाला. आफ्रिकेतील काही देशांत बंडखोर टोळ्या हिरे विकून शस्त्रे घेत असत. २००० साली दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे हिरे काढणारी राष्ट्रे, व्यापारी व लोकसेवी संस्था एकत्र आल्या. आणि २००३ पासून किंबर्ली योजना अंमलात आली. कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक निर्यातीसोबत त्या देशाच्या सरकारचा दाखला असलाच पाहिजे, असा तिचा दंडक. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते आपल्या शेजारच्या सुरतेस. म्हणून ह्या दाखल्याचे महत्त्व आपल्या भागास विशेष आहे. तथापि ह्या योजनेत एक मोठी उणीव राहिली. बंडखोरांचे हिरे तेवढे ती अडविते. खाणीत मुले राबली किंवा सरकारी शिपायांनीच मजुरांवर जुलूम केला, तर दाखला अडत नाही.

दुसरा टप्पा मध्य आफ्रिकेतील कांगो देशाचा. भ्रमणध्वनीच्या आत टँटलम नावाच्या धातूचे बारीक भाग असतात. जोडकामास कथील लागते. टंगस्टन व सोनेही थोडेथोडे असते. कांगोच्या पूर्व भागात ही चारही खनिजे मिळतात. तेथील अनेक खाणींवर हत्यारबंद टोळ्यांनी ताबा बसविला आणि मजुरांकडून खंडणी उकळली. तेव्हा २०१० साली अमेरिकेने कायदा केला, की तेथील शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी आपल्या मालातील ही चार खनिजे कांगो वा त्याच्या शेजारी देशांतून आली आहेत काय, हे जाहीर करावे. युरोपीय संघाने २०१७ साली नियम केला व तो १ जानेवारी २०२१ पासून आयातदारांना लागू झाला.

ह्या सर्वांना आधारभूत असे मार्गदर्शन आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०११ साली स्वीकारले. त्यात पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली : कंपनीने आपले धोरण ठरवावे आणि माल कोणाकडून आला, याच्या नोंदी ठेवाव्या. दुसरी : साखळीत धोका कोठे आहे, तो शोधावा. तिसरी : धोका दिसल्यास उपाय करावा. चौथी : भट्टी व शुद्धीकरण-कारखाना येथे त्रयस्थाकडून तपासणी व्हावी; कारण खनिजाचे गाव तेथेच हरवते. पाचवी : केलेल्या कामाचा वृत्तान्त दरवर्षी लोकांपुढे मांडावा. आपल्या देशातही बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारीच्या व्यवहाराचा वार्षिक वृत्तान्त द्यावा लागतो. कच्चा माल मिळविताना निसर्ग व माणूस यांचा विचार केला जातो काय, हा प्रश्न त्यात आहे.

पण केवळ कागद म्हणजे सत्य नव्हे, हे गोमंतकाने शिकविले आहे. तेथेही परवाने होते, पावत्या होत्या, शिक्के होते. मुदत संपलेल्या पट्ट्यातून निघालेला दगडही कागदपत्रांसह बंदरात पोहोचत होता. दाखल्याला किंमत येते ती तो पडताळून पाहणाऱ्यामुळे. वजनकाट्यावर प्रामाणिक मनुष्य, पट्ट्याच्या सीमेवर पक्की खूण, आणि गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणारा तपासनीस, ही तीन नसतील, तर दाखला म्हणजे शाईचा डाग.

बंदी म्हणजे कर्तव्यपूर्ती नव्हे

येथे कोणी म्हणेल, की जेथे अन्याय आहे तेथला माल घेऊच नये, म्हणजे झाले. हे उत्तर सोपे आहे. म्हणूनच त्याची परीक्षा केली पाहिजे. कांगोच्या राष्ट्राध्यक्षांनी सप्टेंबर २०१० मध्ये पूर्वेकडील प्रांतांतील खाणकामास बंदी केली. ती सुमारे सहा महिने टिकली. अमेरिकेच्या कायद्यानंतर काही परदेशी खरेदीदारांनी चौकशीची कटकट नको, म्हणून तो सारा प्रदेशच टाळला. टोळीवाले आणि कुदळ मारून पोट भरणारे मजूर यांत त्यांनी भेद केला नाही. मजुरांची मिळकत गेली; मुलांच्या शाळेची फी गेली.

गोमंतकातही असेच झाले. खाणी एका दिवसात थांबल्या, तेव्हा खाणमालकांजवळ साठविलेले धन होते. पण कर्ज काढून ट्रक घेतलेल्या मनुष्याजवळ केवळ हप्त्याची तारीख होती. शेत गाळाने गेले म्हणून ज्याने ट्रक घेतला, त्याचा ट्रकही दारात उभा राहिला. बार्जवरील खलाशी, दुरुस्तीवाले, रस्त्याकडेचे चहावाले, सर्वांवर तीच वेळ आली. न्यायालयाचा निर्णय चुकीचा होता, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. वेळीच विचारणारा कोणी नसला, म्हणजे शेवटी न्यायालयालाच थांबवावे लागते, आणि तेव्हा निरपराधही भरडले जातात, एवढे दाखवावयाचे आहे. २००७ साली कोणी मुदत विचारली असती, तर २०१२ चा आघात इतका आकस्मिक झाला नसता.

म्हणूनच वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांतील तिसरी पायरी फार विचाराने रचलेली आहे. दोष सुधारण्याजोगा असेल, तर व्यवहार चालू ठेवून विक्रेत्याकडून सुधारणा करून घ्यावी. सुधारणा होईपर्यंत आवश्यक तर व्यवहार थांबवावा. आणि सुधारणा होतच नसेल किंवा अत्याचारच भयंकर असेल, तर संबंध तोडावा. घरातील मूल चुकले, तर आपण प्रथम त्यास घराबाहेर काढीत नाही. समज देतो, लक्ष ठेवतो. परंतु समज देण्यासाठी चूक ठाऊक असावी लागते, आणि चूक ठाऊक होण्यासाठी विचारावे लागते.

न्यायालयाने २०१४ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. खनिजाच्या विक्रीतील दहावा हिस्सा बाजूस ठेवून त्याचा कायमचा निधी करावा, असे त्याने सांगितले. यामागील विचार फार मोलाचा आहे. नागली यंदा कापली, तरी पुढील वर्षी पुन्हा उगवते. लोखंडाचा डोंगर एकदाच कापता येतो. तो आपल्या पिढीने खाऊन टाकला, तर नातवंडांच्या वाट्यास खड्डा येईल. खनिज म्हणजे पीक नव्हे, वडिलोपार्जित ठेव आहे. ती मोडलीच, तर तिचा काही भाग पुढच्यांसाठी राखावा, हा साधा गृहस्थधर्म आहे.

आपण काय करावे?

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही अद्याप कंपनीचे मालक नाही, आणि एक विळा घेणाऱ्यास खाणीची चौकशी करणे शक्यही नाही. तरी तीन गोष्टी तुमच्या हाती आहेत.

पहिली, धातू वाया जाऊ देऊ नका. मोडका पत्रा, तुटकी तार, बंद पडलेला भ्रमणध्वनी ह्या वस्तू भंगारवाल्यामार्फत पुन्हा भट्टीत गेल्या, तर तेवढा डोंगर वाचतो. ॲल्युमिनियम भंगारातून पुन्हा तयार करण्यास, खनिजापासून काढण्याच्या मानाने, विसावा हिस्सा ऊर्जा पुरते.

दुसरी, जवळच्या खनिजापासून आरंभ करा. वाळू व खडी हीदेखील कायद्याने खनिजेच आहेत. घर बांधताना वाळूची गाडी आली, तर तिची वाहतुकीची पावती पाहावयास वडिलांस सांगा. ती कोणत्या नदीपात्रातून आली, हे विचारा. जो मनुष्य आपल्या अंगणातील वाळूचे कूळ विचारीत नाही, त्याने कांगोतील टँटलमविषयी हळहळावे, यात फारसा अर्थ नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुमच्यापैकी अनेकांचे वडीलबंधू आज सिल्वासा व खानवेल भागात नोकरीस आहेत. उद्या तुम्हीही कोणी भांडारात, कोणी खरेदी-विभागात, कोणी प्रयोगशाळेत काम कराल. तेथे तुमच्या सहीवाचून माल आत येणार नाही, असा दिवस येईल. वारली, कोकणा, धोडिया समाजातील मुलांना डोंगर म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. डोंगर फोडला, की झरा कोठे जातो, हे तुम्ही जाणता. भारतातील कित्येक खाणी अशाच आदिवासी मुलखांत आहेत. तेथे तुमच्यासारखीच मुले आहेत. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : हा माल कोठून आला, आणि तेथील लोकांचे काय झाले? उत्तर नीट मिळाले नाही, तर पुन्हा विचारा. साखळी कितीही लांब असली, तरी तिची प्रत्येक कडी कोणा ना कोणा मनुष्याच्या हातात असते. आणि त्यांपैकी एक हात उद्या तुमचा असणार आहे.

अभ्यासासाठी

१. एका खाणीतून १०० टन खनिज निघाले व त्यात शंभरी ५८ भाग लोह आहे. लोह किती टन? एका टनास अडीच टन या हिशेबाने उपसा किती?

२. भट्टीच्या अलीकडेच चौकशी का करावी लागते, ते गिरणीच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.

३. 'अन्यायाचा संशय येताच खरेदी बंद करावी.' ह्या मताच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा व आपले मत द्या.

४. घरातील धातूची कोणतीही एक वस्तू घ्या. तिची वाट जितकी मागे शोधता येईल, तितकी शोधा, आणि ती जेथे हरवते, तेथे खूण करून ठेवा.